खालिदला नारळ द्यायचा का? ढाक्यातल्या हारीच्या दुसऱ्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२५ ला, कोल्हापूरच्या सोसायटी ग्रुपवर

ओंकार (सी-४०४): बास झालं आता. फुटबॉलमध्ये बांगलादेशाकडून १-०. २००३ नंतर पहिल्यांदा हरलोय त्यांच्याकडून. फिफा क्रमवारीत आपण १३६, ते १८३. कोच खालिद जमीलला आजच नारळ द्या.

सुतार मामा (सी-२०१): नारळ द्यायला काय लागतंय. कोच स्टिमॅकला २०२४ च्या जूनमध्ये दिला, मानोलोला यंदा जुलैत. दीड वर्षात तिसरा. नारळवाल्याचा धंदा बरा चाललाय.

ओंकार: मग काय आरती ओवाळायची? आशियाई करंडक पात्रतेच्या गटात पाच मॅचेस, दोन गुण, एकही विजय नाही. सिंगापूर काल हाँगकाँगला त्यांच्यात जाऊन २-१ नं हरवून आशियाई करंडकाला पात्र झालं. सिंगापूर! आपण २०१९ ला होतो, २०२४ ला होतो, २०२७ ला घरी टीव्हीवर.

मनीषाताई (ए-५०३): पाच सामन्यांचा हिशोब एकट्या खालिदच्या नावावर लावू नका. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी ०-० आणि १० जूनला हाँगकाँगमध्ये ०-१, हे दोन मानोलोचे. खालिद १ ऑगस्टला आला. त्याच्या वाट्याचे तीन: सिंगापुरात १-१, त्यांच्याशीच गोव्यात फातोर्ड्याला १-२, काल ढाक्यात ०-१. तीनांत एक गुण. कौतुक करण्यासारखं यात काही नाही, पण गाडी रुळावरून त्याच्या आधीच घसरली होती. गटातला एकच संघ पुढे जाणार, एकूण सहाच सामने. पहिल्या दोनांत एक गुण म्हणजे उरलेले चारही जिंकावे लागणार.

फर्नांडिस (बी-३०२): हाँगकाँगचा तो गोल आठवतो ना? जादा वेळेतला चौथा मिनिट. आपला गोलकीपर विशाल कैथ उंच चेंडूला बाहेर आला, बॉक्सिंग करायला गेला, चेंडूऐवजी माणूस लागला, पेनल्टी. कोच कोणीही असो, गोलकीपरनं निघायचं ठरवलं की चेंडू त्यालाच लागला पाहिजे, नाहीतर लाइनवर उभं राहायचं. अर्धवट निघाला तर मेला.

माने, सेक्रेटरी (बी-१०१): मंडळी, हा ग्रुप पाणी, पार्किंग आणि लिफ्टसाठी आहे.

सुतार मामा: लिफ्ट बंदच आहे माने. त्यावर काय बोलायचं?

ओंकार: कालचा गोल बघा की. अकरावा मिनिट. डावीकडून त्यांचा राकिब सुटला, मागं मोकळं रान. आडवा चेंडू आत, त्यांचा मोर्सालिन आपल्या गोलकीपर गुरप्रीतच्या आधी पोचला. आपले बॅक कुठं होते?

सुतार मामा: आता कामाचं बोललास. गोल राकिबनं पळून घडवला असं दिसतं, पण तो त्याच्या दहा सेकंद आधी होतो. आपण चढाई करताना दोन्ही साइड बॅक वर गेले की मागं दोन स्टॉपर, म्हणजे मधले बॅक, उरतात. त्यांच्या पुढं एक हाफ (मधल्या फळीचा गडी) थांबायला पाहिजे, आणि जो बॅक चेंडूपासून लांब आहे त्यानं आत सरकून तिसरा स्टॉपर व्हायचं. म्हणजे तीन अधिक एक. समोरच्याचा एक फॉरवर्ड वर उभा असेल तर मागं तीन, दोन असतील तर चार. हा साधा हिशोब चुकला की एक लांब पास, आणि मागच्याला स्वतःच्या गोलाकडं तोंड करून पळावं लागतं. तोंड गोलाकडं असताना आडवा चेंडू काढणं म्हणजे निम्म्या वेळा स्वगोलच.

आणि हे शिकवायचं काम कोचचंच आहे. इथं मी खालिदची बाजू घेणार नाही.

मनीषाताई: एकतिसाव्या मिनिटाला त्यांच्या हमझा चौधरीनं आपल्या छांगतेचा फटका लाइनवरून डोक्यानं काढला. तो आत गेला असता तर आज ग्रुपवर शांतता असती. कोच तोच, आखणी तीच.

ओंकार: ताई, एक फटका लाइनवरून निघाला म्हणून नव्वद मिनिटं चांगली खेळलो असं होत नाही.

मनीषाताई: तसं म्हणतच नाही मी. खालिदला दोष द्यायचाच तर नेमका द्या. माझा दोष ऐका. फिफाची नोव्हेंबरची विंडो १० ते १८. ढाक्याची मॅच १८ ला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी. बेंगळुरूचं शिबिर तर ६ तारखेपासूनच. ऑक्टोबरसारखी 'तीन दिवसांत काय होणार' ही सबब इथे चालत नाही. बांगलादेशानं त्याच विंडोत १३ तारखेला नेपाळशी मैत्रीपूर्ण सामना घेतला, २-२. त्यांचे पाय मोकळे झाले, चुका दिसल्या. आपण एकही अधिकृत सामना न खेळता थेट ढाक्यात उतरलो. एका विंडोत दोन सामने खेळता येतात, आपण एक वाया घालवला.

फर्नांडिस: हे पटलं. पण सामना ठरवणं महासंघाचं काम, कोचचं नाही.

मनीषाताई: मागणं तर कोचचं काम आहे ना.

माने, सेक्रेटरी: एक शंका. विंडो म्हणजे नक्की काय? क्लबवाले खेळाडू सोडत नाहीत म्हणून सारखं कानावर येतं.

सुतार मामा: आले सेक्रेटरी मैदानात 😄

मनीषाताई: माने काका, फिफा वर्षातून ठरावीक दिवस राखून ठेवतं. सोमवारी उघडतं, पुढच्या आठवड्याच्या मंगळवारी मिटतं, एकूण नऊ दिवस. त्या काळात क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. त्याच्या बाहेर सोडणं क्लबच्या मर्जीवर. ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानला मध्य आशियाई स्पर्धा होती, तिचा पहिला सामना २९ ऑगस्टला आणि विंडो १ सप्टेंबरपासून. मोहन बागाननं खेळाडू दिले नाहीत, आणि नियमानं त्यांना ते देणं बंधनकारकही नव्हतं. २० सप्टेंबरच्या शिबिराला तेच, निम्मीअर्धी मंडळी पोचलीच नाहीत. बागान आणि एफसी गोवा एएफसीच्या, म्हणजे आशियाई महासंघाच्या, क्लब स्पर्धेत होते, त्यांना त्यांची पडली होती.

फर्नांडिस: त्या ताजिकिस्तानच्या स्पर्धेत मात्र खालिदचं काम दिसलं. यजमानांना २-१ नं हरवलं, दोन्ही गोल पहिल्या तेरा मिनिटांत, अन्वर अली आणि झिंगन. दोघेही स्टॉपर. गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-०, मग ओमानला टायब्रेकरमध्ये ३-२ नं मागं टाकून तिसरा नंबर. तेव्हा याच ग्रुपवर 'देशी कोच, देशी कोच' चाललं होतं.

ओंकार: मीच लिवलं होतं. मग?

फर्नांडिस: मग काही नाही. पण ते का जमलं ते बघा. ताजिकिस्तान, ओमान हे चेंडू ठेवून खेळणारे संघ. आपण मागं दाटीनं उभं राहायचं, दोन ओळी जवळजवळ, लांब थ्रो, कॉर्नर, फ्री किक. खालिदची आयझॉल क्लबपासूनची हीच पद्धत, २०१७ ची आय-लीग त्यानं अशीच जिंकली. पण सिंगापूर, बांगलादेश, हाँगकाँग तुमच्यासमोर स्वतःच मागं बसतात. चेंडू तुमच्याकडं देतात आणि म्हणतात, उघडा आता दार. तिथं ही पद्धत अडते. फातोर्ड्याला चौदाव्या मिनिटाला छांगतेनं लांबून मारला, स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. त्यानंतर आपण आपलेच मागं सरकलो. ४४ आणि ५८ ला त्यांच्या सोंग उई-यंगचे गोल, खेळ खलास. आणि झिंगन नव्हता, पहिल्या लढतीत सिंगापुरात लाल कार्ड घेऊन बसला होता.

सुतार मामा: सोंग हा हाफ. असा गडी मागून धावत येतो तेव्हा त्याला कोण धरणार हे आधी ठरलेलं पाहिजे. स्टॉपर म्हणतो हाफचा माणूस आहे, हाफ म्हणतो आता डीत (गोलासमोरच्या चौकटीत) गेला, तुझा आहे. दोघांच्या मध्ये तो मोकळा.

ओंकार: म्हणजे कोच फेल. मी तेच म्हणतोय सकाळपासून.

सुतार मामा: थांब रं. आता पुढचं बघ. चेंडू आपल्याकडं असताना गोल कोण करणार? नावं सांग. तीन सांग.

ओंकार: छांगते.

सुतार मामा: तो विंगर. डीत उभा राहणारा सांग.

ओंकार: रहीम अली. सिंगापुरात ९० व्या मिनिटाला त्यानंच बरोबरी करून दिली, ते पण दहा जणांत.

सुतार मामा: त्यांचा मागं दिलेला पास चुकला त्यावर. झडप भारी होती, मान्य. अजून दोन सांग.

मनीषाताई: आकडा मी देते. गेल्या आयएसएल लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा भारतीय सुनील छेत्री, १४ गोल. चाळिशीचा माणूस. एकूण पहिला नॉर्थईस्टचा अजराई, २३ गोल, मोरोक्कोचा. मैदानावर एका वेळी चार परदेशी चालतात, आणि क्लब त्यातली एक जागा नऊ नंबरला, म्हणजे मधल्या फॉरवर्डला, ठेवतातच, कारण पैसा गोलाला मिळतो. भारतीय फॉरवर्डला मग विंगवर ढकलतात नाहीतर ७५ व्या मिनिटाला उतरवतात. आठ महिने क्लबमध्ये जी जागा खेळलाच नाही ती देशासाठी नऊ दिवसांत कशी येणार? पाठीवर स्टॉपर घेऊन चेंडू थांबवणं, जवळच्या खांबाकडं धाव दाखवून मागं सटकणं, हे सवयीचं काम आहे.

छेत्रीला ऑगस्टमध्ये वगळलं, ऑक्टोबरमध्ये ४१ व्या वर्षी परत बोलावलं, नोव्हेंबरला तो नाहीच. यात खालिदची धरसोड दिसते, आणि कपाट रिकामं आहे हेही दिसतं.

फर्नांडिस: आणि यंदा लीगच नाही! ११ जुलैला आयोजक कंपनीनं हंगाम थांबवला, महासंघाबरोबरचा करार ८ डिसेंबरला संपतोय. नवीन निविदा काढली तर ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली नाही. ड्युरंड कप झाला, ऑक्टोबरच्या शेवटी गोव्यात सुपर कप सुरू झाला, बस्स. मे महिन्यापासून कित्येक खेळाडूंच्या पायाला धड दहा मॅचेस नाहीत. सरावात १२ किलोमीटर पळणारा गडी मॅचच्या ७० व्या मिनिटाला गोळे येऊन बसतो, कारण मॅचमधलं अचानक थांबणं, वळणं, परत सुटणं सरावात येत नाही.

ओंकार: बांगलादेशाची लीग काय स्पेनची आहे का? त्यांनी काय केलं मग?

मनीषाताई: त्यांनी हमझा आणला. लेस्टरमध्ये घडलेला, आई बांगलादेशी. कॅनडाचा शमित शोम आणला. त्यांच्याकडे दुहेरी नागरिकत्व चालतं. आपल्याकडे चालत नाही, परदेशस्थ भारतीयांच्या ओसीआय कार्डावर देशाकडून खेळता येत नाही, भारताचा पासपोर्टच लागतो. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपला घेतला, त्याच्या आईचं मूळ आपल्या मुंबईचं. पण तो ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला, म्हणून तिकडच्या महासंघाचा ना-हरकत आणि फिफाची मंजुरी, दोन्ही लागतात. कागद वेळेत आले नाहीत, ढाक्याला जाऊनही बाहेर बसला.

माने, सेक्रेटरी: ना-हरकतीला वेळ लागतो हो. लिफ्टच्याच बघा.

ओंकार: 😂 काका.

मनीषाताई: क्रमवारीचंही सांगून ठेवते, नवी यादी आली की परत ओरड होईल. फिफा प्रत्येक मॅचला वजन देतं. विंडोतला मैत्रीपूर्ण सामना १०, पात्रता सामना २५. दोन संघांत समजा १८० गुणांचा फरक असेल, तर वरच्यानं जिंकण्याची अपेक्षा साधारण ०.६७ धरतात. जिंकला तर २५ गुणिले ०.३३, म्हणजे आठ गुण मिळतात. बरोबरी झाली तरी चार जातात. हरला तर जवळपास १७ जातात. खालच्याकडून हरणं महागात पडतं ते असं. खाली घसरलं की पुढच्या सोडतीत खालच्या पॉटमध्ये, आणि गट अवघड.

सुतार मामा: ओंकार, आता एक सांगतो, मग तू ठरव. २०१५ ला कोच कॉन्स्टंटाइन दुसऱ्यांदा आला, त्या वर्षी आपण १७३ व्या नंबरपर्यंत खाली होतो. त्याच जूनमध्ये ग्वामकडून २-१ नं हरलो. ग्वाम! नकाशात भिंगानं शोधावं लागतं. तेव्हाही आजच्यासारखाच दंगा. त्याला ठेवला. २०१७ ला ९६ वर आलो, २०१९ च्या आशियाई करंडकात थायलंडला ४-१ हाणलं.

ओंकार: आणि स्टिमॅकला पाच वर्षं ठेवला, काय झालं? आशियाई करंडकात तीन मॅचेस, एक पण गोल नाही. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हार. वर जाताना भरपाई दिली ती वेगळी.

सुतार मामा: हे पण खरं. त्याच स्टिमॅकनं २०२३ ला दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धा जिंकून ९९ वर नेलं होतं ते पण खरं.

फर्नांडिस: मानोलोचं घ्या. एका हातात एफसी गोवा, एका हातात देश. मे महिन्यात गोव्याला सुपर कप जिंकून दिला आणि देशाबरोबर आठ मॅचेसमध्ये एक विजय, मालदीव. माणूस तोच, मेंदू तोच. क्लबमध्ये त्याला रोज सकाळी खेळाडू मिळायचे आणि पुढं परदेशी फॉरवर्ड होता.

ओंकार: बरं. मार्चमध्ये हाँगकाँग आपल्याकडं येणार, काही पणाला नाही. तिथवर थांबतो. पण माझ्या अटी. एक, त्याच विंडोत दुसरी मॅच घ्यायची. दोन, पंचविशीच्या आतला फॉरवर्ड नऊ नंबरला पूर्ण नव्वद मिनिटं, चुकला तरी काढायचा नाही.

सुतार मामा: तिसरी माझी. चढाईत मागं किती गडी राहतात ते दर मॅचला मोजायचं. तू मोज, मी पण मोजतो.

माने, सेक्रेटरी: मार्चच्या मॅचला क्लबहाऊसचा टीव्ही लावू. लिफ्टवाला उद्या ११ ला येतोय. फर्नांडिस, ते मामांचं तीन अधिक एक परत एकदा सांगा, बॅक आत सरकल्यावर विंगरला कोण धरतं?

फर्नांडिस: आपला विंगर खाली येतो काका. आला नाही की गोल.