'गॉड ब्लेस' की 'गॉड ब्लेसेस'? पत्रिका पुन्हा छापायची आहे

मालवणचा छापखाना
नाताळानंतर इथल्या ख्रिस्ती वाड्यांत लग्नं असतात, त्यांची कार्डं माझ्याकडे येतात. परवा एका कार्डाचं प्रूफ दाखवलं. खाली 'गॉड ब्लेस द कपल'. मुलीच्या भावाने लाल पेनाने 'ब्लेस'ला एस जोडला. म्हणाला, गॉड एकवचनी, 'ही ईट्स' तसं 'गॉड ब्लेसेस'. मी २०० कार्डं तशीच छापली. न्यायला आजी आल्या, त्यांनी वाचलं आणि गठ्ठा परत केला. "ह्यां चुकला." का चुकलं ते त्यांना सांगता येईना आणि मलाही. पुन्हा छापून देणारच आहे, पण नियम कळल्याशिवाय हात धजत नाही.

निवृत्त बाई, रत्नागिरी
आजींचं बरोबर आहे. 'ही ईट्स' म्हणजे तो खातो, ही झाली बातमी. 'गॉड ब्लेसेस' हीसुद्धा बातमीच, देव आशीर्वाद देतो. कार्डावर बातमी द्यायची नाही, मागणं मागायचं आहे: देव भलं करो. आपण 'करतो'चं 'करो' करतो, इंग्रजी एस टाकून देते. या रूपाला सबजंक्टिव्ह म्हणतात.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या रूपाला स्वतःचा प्रत्यय होता, शेवटी 'ए'. बोलता बोलता तो झिजला आणि नुसता धातू उरला. बातमीचा प्रत्यय मात्र टिकला, आधी 'एथ', पुढे 'एस'. म्हणून आता एस नसणं हीच इच्छेची खूण. 'इज'च्या जागी असाच 'बी' येतो: 'पीस बी विथ यू'. 'हेवन फॉरबिड' तर थेट आपलं 'देव न करो'.

वर्गात हे सगळं मी 'अपवाद' म्हणून पाठ करून घेतलं, त्याची आज खंत वाटते. दिवाळीत ज्यांच्या घरी 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात त्या मुलांना हे एका मिनिटात कळलं असतं.

मात्र हे साचे ठरलेले आहेत. नवीन शुभेच्छा स्वतः रचायची तर पुढे 'मे' लावा: 'मे द कपल लिव्ह लाँग'.

वेंगुर्ल्याहून
बाई, तुमच्या 'येवो'ने अंगावर काटा आला. आम्ही प्रार्थनेत 'दाय किंगडम कम' म्हणतो, 'कम्स' नाही. मराठीत तेच 'तुझे राज्य येवो'. बळीच्या राज्याला जो 'येवो', तोच! आमच्याकडच्या थडग्यांवर आर. आय. पी. असतं, ते मुळात लॅटिन 'रेक्विएस्कात इन पाचे'. त्यातही हेच रूप: शांतीत विसावो.

सावंतवाडीकर
एक शंका. गाऱ्हाण्यात आम्ही देवाला समोर धरून म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा बरा कर", आणि सगळे "व्हय म्हाराजा". 'गॉड ब्लेस' हे तसंच नाही का?

निवृत्त बाई, रत्नागिरी
जवळचं, पण तेच नव्हे. गाऱ्हाण्यात 'कर', इथे 'करो'. 'गॉड'नंतर स्वल्पविराम दिला तर देवाला हाक मारल्यासारखं होईल, मग ते गाऱ्हाणं. कार्ड वाचणार आहेत पाहुणे, तेव्हा स्वल्पविराम नको.

मालवणचा छापखाना
एस काढला, स्वल्पविराम घातला नाही. नवं प्रूफ संध्याकाळी आजींच्या घरी नेतो. त्यांनी वाचलं की मगच मशीन सुरू.