एमओयू झाला, गाइडिंग मात्र जसंच्या तसं: परदेशी विद्यापीठाबरोबर नेमकं काय ठरवावं?

खाडीकाठ (ठाणे)

नमस्कार. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या रिसर्च सेंटरचं समन्वयाचं काम माझ्याकडे आहे. रसायनशास्त्र आणि पर्यावरण विज्ञान मिळून चार गाइड आणि पीएचडी करणारे अकरा स्कॉलर आहेत. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाशी पाच वर्षांचा एमओयू (सामंजस्य करार) झाला, त्यातून दोन ऑनलाइन व्याख्यानं झाली आणि गाडी तिथेच अडली. स्कॉलरला मिळणाऱ्या मार्गदर्शनात फरक पडावा, हा खरा हेतू होता.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिकडच्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक करता येतं का? जॉइंट डिग्रीच्या (दोन्ही विद्यापीठांनी मिळून दिलेल्या पदवीच्या) मागे लागावं का? आणि आमच्या गाइडांनाच यातून काही शिकता येईल अशी सोय कशी करावी? एका स्कॉलरचा विषय ठाणे खाडीच्या गाळातले जड धातू हा आहे. नमुने तिकडच्या प्रयोगशाळेत पाठवायचं घाटतंय, त्याबद्दलही सांगा.

नेरूळ_पीएचडी_सेल

मॅडम, आधी नियमांचं बघू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएचडी नियमावलीनुसार सहमार्गदर्शक दुसऱ्या संस्थेचा असू शकतो, पण सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. पदवी विद्यापीठ देतं, कॉलेज नाही. त्यामुळे कॉलेजच्या एमओयूवर प्राचार्यांची सही असली तरी सहमार्गदर्शकाची नेमणूक विद्यापीठाकडूनच व्हायला हवी. बरेच जण इथेच अडकतात. तिकडचे प्राध्यापक दोन वर्षं मनापासून वेळ देतात, आणि प्रबंध जमा करताना कळतं की कागदोपत्री त्यांचं नावच नाही. म्हणून त्यांचा बायोडेटा, प्रकाशनांची यादी आणि संमतीपत्र सिनॉप्सिसबरोबरच (संशोधनाच्या आराखड्याबरोबरच) पुढे पाठवा.

जॉइंट डिग्री हा वेगळा रस्ता आहे. त्याची नियमावली मे 2022 ची. भारतीय संस्थेला नॅकच्या (शिक्षणसंस्थांच्या दर्जाचं) मूल्यांकनात किमान 3.01 गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान, किंवा सरकार निवडक संस्थांना देतं तो इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्सचा दर्जा हवा. परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवं. तेव्हाच यूजीसीच्या वेगळ्या परवानगीशिवाय करार होतो. पीएचडीसाठी दोन्हीकडे एकेक गाइड, दोन्हीकडे किमान एक सत्र मुक्काम आणि एकच प्रबंध. कॉलेजच्या पातळीवर हे झेपणारं काम नाही. आधी सहमार्गदर्शन नीट चालवून दाखवा.

जॉइंट डिग्रीत सगळ्यात जास्त घोळ परीक्षेवरून होतो. आपल्याकडे गाइड स्वतः परीक्षक मंडळात असतो आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) खुला असतो. इंग्लंडमध्ये तो बंद खोलीत होतो, आणि गाइडला सहसा परीक्षक होता येत नाही. हे कराराच्या मसुद्यात लिहिलं नसेल, तर तयार प्रबंध महिनोन्‌महिने पडून राहतो.

प्रबंधवाचक

नियमांचं वरच्या सरांनी सांगितलंच आहे. माझं म्हणणं असं की एमओयू हा विद्यापीठांमधला कागद आहे, मार्गदर्शन सुधारतं ते प्रत्येक स्कॉलरसाठी वेगळा करार केल्यावर. दोन पानं पुरतात, पण त्यावर दोन्ही गाइड आणि स्कॉलर अशा तिघांच्याही सह्या हव्यात.

त्यात मुख्य गाइड कोण आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे सगळ्यात आधी लिहा. नाहीतर एक जण म्हणतो प्रकरण लहान कर, दुसरा म्हणतो अजून संदर्भ घाल, आणि स्कॉलर दोघांना खूश करत सहा महिने घालवतो. उपाय साधा आहे. दोघांनी आपापली टिपणं आधी एकमेकांना पाठवायची, मुख्य गाइडने ती एकत्र करायची आणि स्कॉलरच्या हातात एकच प्रत पडायची. एका प्रकरणावर अभिप्राय द्यायला दोन आठवडे ही मुदत रास्त आहे. तीस पानांच्या वरचा मजकूर एका वेळी पाठवायचा नाही, हेही लिहून ठेवा.

महिन्यातून एक संयुक्त बैठक, एक तासाची. दुपारी तीनची वेळ धरली तर इंग्लंडमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. तिकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यात हमखास कोणीतरी बैठक चुकवतं. म्हणून निमंत्रणात भारतीय वेळ कायम ठेवा. बैठकीनंतर दोन दिवसांत स्कॉलरने अर्ध्या पानाचं टिपण पाठवायचं: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. दर सत्राला आरएसीपुढे (संशोधन सल्लागार समितीपुढे) सादरीकरण असतंच, तिथे हीच टिपणं जोडली की अहवाल वेगळा लिहावा लागत नाही. परदेशी सहमार्गदर्शकाला त्या आरएसीला ऑनलाइन बोलवा. नुसतं नाव छापून उपयोग नाही.

शिवाय दोन कलमं विसरू नका. तिकडचा माणूस नोकरी बदलून गेला तर त्याच्या जागी कोण येणार? बहुतेक भागीदाऱ्या एका ओळखीच्या माणसावर उभ्या असतात आणि तो गेला की संपतात. दुसरं, स्कॉलरला तिकडे मानद अभ्यागताचा दर्जा आणि ग्रंथालयाचं लॉगिन मिळणार का? हे पहिल्याच महिन्यात मागायचं, कारण जर्नलचे परवाने बाहेरच्यांना लागू नसतील तर ते लगेच कळतं.

वाशी_रसायन

नमुन्यांबद्दल लिहितो, कारण इथे वर्ष वाया जाऊ शकतं.

पहिला प्रश्न गाळ आम्लात विरघळवण्याच्या पद्धतीचा. एका प्रयोगशाळेत अ‍ॅक्वा रेजिया (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) वापरतात, दुसरीकडे हायड्रोफ्लोरिक आम्लाने संपूर्ण विरघळवतात. अ‍ॅक्वा रेजियात सिलिकेटच्या जाळीतला धातू पूर्ण सुटत नाही, त्यामुळे क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे आकडे कमी येतात. दोन गाइड दोन पद्धतींचा आग्रह धरतात आणि मग आकडे जुळत नाहीत. नमुने गोळा करायच्या आधी पद्धत ठरवा. एकच प्रमाणित संदर्भ गाळ (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत आहे असा) दोन्ही प्रयोगशाळांत चालवा आणि दर वीस नमुन्यांमागे किमान एक कोरा नमुना (गाळाशिवाय फक्त आम्लांचा) व एक दुबार नमुना ठेवा. माझ्या मते सहमार्गदर्शनाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेची शिस्त स्कॉलरच्या वहीत उतरते.

पाठवण्याबद्दल: इंग्लंडमध्ये भारतातली माती किंवा गाळ परवान्याशिवाय नेता येत नाही. परवाना तिकडच्या प्रयोगशाळेकडे आहे का, हे लेखी विचारा. शक्यतो इथेच विरघळवून मोजमाप इथेच करा, तिकडे फक्त पडताळणीचे मोजके नमुने पाठवा. खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला, तेव्हा तिथून नमुने घेण्याआधी वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करा. गाळातले जिवाणू, तिवरांची पानं किंवा मासे परदेशी पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, 2002 लागू होतो आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा मुद्दा येतो. हे महिने खातं, म्हणून नोंदणीनंतर लगेच सुरू करा.

संशोधनातून पेटंट निघण्याची शक्यता असेल तर भारतात राहणाऱ्याला परवानगीशिवाय आधी परदेशात अर्ज करता येत नाही. भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. तिकडच्या टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसला (पेटंटचं काम बघणाऱ्या कार्यालयाला) हे आधीच कळवा.

खाडीकाठ (ठाणे)

मनापासून आभार. प्रबंधवाचक, गाइडांच्या तयारीचं राहिलं. दोन गाइडांना पहिल्यांदाच स्कॉलर मिळालेत.

प्रबंधवाचक

एमओयूमधून सगळ्यात आधी हेच मागा, पैसे जवळपास लागत नाहीत. दोन्हीकडचे चार-पाच गाइड नव्वद मिनिटं बसतात. आठवडाभर आधी सगळ्यांना एकाच स्कॉलरच्या एका प्रकरणाची दहा-बारा पानं जातात, नाव काढून आणि स्कॉलरची संमती घेऊन. प्रत्येकाने एकमेकांचं न बघता अभिप्राय लिहायचा. बैठकीत ते शेजारी-शेजारी ठेवले की दिसतं: कोणी नुसतं व्याकरण सुधारलंय, कोणी युक्तिवादाला हात घातलाय, कोणी समासात फक्त 'पुन्हा लिहा' म्हटलंय. 'पुन्हा लिहा' वाचून स्कॉलरला काय करायचं ते कळत नाही. 'तिसऱ्या तक्त्यातला पावसाळ्यातला फरक नमुन्यांच्या संख्येमुळे आहे का, ते तपास' असं लिहिलं की कळतं. सत्रात एकदा ही बैठक झाली तरी नवीन गाइडांच्या लिहिण्यात फरक पडतो.

इंग्लंडमध्ये यूके कौन्सिल फॉर ग्रॅज्युएट एज्युकेशनची गाइडांसाठी दहा निकषांची चौकट आहे. त्यावर गाइडने स्वतःच्या कामाचा लेखी आढावा लिहायचा असतो. तुमच्या भागीदार विद्यापीठात असा आढावा लिहिलेला कोणी असेल तर त्यालाच या बैठका घ्यायला सांगा. आपल्याकडचा सहायक प्राध्यापक एका वेळी चार स्कॉलर घेऊ शकतो, सहयोगी सहा, प्राध्यापक आठ. पहिल्या दोन वर्षांत नव्या गाइडांना दोनच द्या आणि अनुभवी गाइडला सहमार्गदर्शक म्हणून जोडा.

नेरूळ_पीएचडी_सेल

एक भर. स्कॉलर तिकडे एक सत्र जाणार असेल तर रसायनशास्त्राच्या काही शाखांना एटीएएस प्रमाणपत्र (संवेदनशील विषयांसाठी ब्रिटिश सरकारची आगाऊ मंजुरी) लागतं. त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि व्हिसाचा अर्ज त्यानंतर. बेंच फी (प्रयोगशाळा वापरण्याचं शुल्क) कोण भरणार हेही आधीच लेखी घ्या. आणि फक्त इंग्लंडकडे बघू नका. पवईतली आयआयटी बॉम्बे-मोनाश रिसर्च अ‍ॅकॅडमी 2008 पासून दुहेरी मार्गदर्शन चालवते. त्यांच्या समन्वयकांना भेटून कराराचे नमुने मागता येतील. ठाण्याहून तासाभराचा रस्ता आहे.