स्क्रूची वाट आधी सीटीवर शोधावी
इनलेट-आउटलेट व्ह्यू (डोक्याकडून आणि पायांकडून तिरपे घेतलेले कमरेच्या हाडांचे एक्स-रे) नीट मिळाले की सॅक्रोइलियाक स्क्रूला, म्हणजे कमरेचं हाड त्रिकास्थीला (माकडहाडाच्या वरच्या हाडाला) जोडणाऱ्या स्क्रूला, आधी सीटी स्कॅन लागत नाही, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. काहींचं त्रिकास्थी जन्मतःच वेगळ्या घडणीचं असतं. त्याच्या पहिल्या मणक्यातली स्क्रूची वाट अरुंद, तिरकी. आडवा सरळ घातलेला स्क्रू हाडाच्या पुढे निघून एल-५ नस (कमरेच्या पाचव्या मणक्याची, पायाकडे जाणारी) दुखावू शकतो. तिथे दुसऱ्या मणक्यात बहुधा जास्त जागा असते, पण ते आधी मोजायला हवं ना!

मी कोल्हापुरात ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) चालवतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीच्या अपघातातला एक पेशंट होता. पोटातल्या गॅसमुळे आउटलेटमध्ये नसांची छिद्रं दिसेचनात. सर्जन सरांनी स्क्रूचा कोन, लांबी सीटीवर काढून ठेवली होती, तरीही स्वच्छ लॅटरल (बाजूने घेतलेला एक्स-रे) मिळेपर्यंत त्यांनी स्क्रूला वाट दाखवणारी वायर पुढे सरकवली नाही.