पुरावा नाही म्हणून गप्प बसावे का?

‘दारावर कोणी द्वेषपूर्ण मजकूर लिहिला, पण लिहिणारा दिसला नाही, तर तक्रार कशाच्या आधारावर करायची?’ या प्रश्नाबद्दल थोडे सांगतो. ब्रिटनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या वंशद्वेषी खुनाच्या प्रकरणाच्या चौकशीनंतर १९९९ साली आलेल्या मॅकफर्सन अहवालाने असे सुचवले की, पीडिताला किंवा अन्य कोणालाही घटना वंशद्वेषातून घडली असे वाटल्यास पोलिसांनी तिची तशी नोंद करावी. हेतू सिद्ध करणे हे पुढच्या तपासाचे काम. म्हणूनच दार पुसण्याआधी छायाचित्र काढावे, वेळ टिपून ठेवावी आणि कोणी काही बोलले असल्यास ते शब्द, कितीही ओंगळ असले तरी, जसेच्या तसे सांगावेत, कारण द्वेषाचा हेतू बहुधा त्यांतूनच उघड होतो (आणि संकोचापोटी नेमके तेच गाळले जातात). पोलिसांकडे थेट जाण्याची भीती वाटल्यास ब्रिटनमध्ये काही सामाजिक संस्थांमार्फतही तक्रार देता येते.