शब्दचर्चा : गुप्तहेर, हॅकर आणि पांढरी टोपी

गोदाकाठची अनुवादिका
नमस्कार. नाशिकमधील एका छोट्या प्रकाशनासाठी मी सध्या एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करीत आहे. नायक अमेरिकी पोलीस दलात ‘डिटेक्टिव्ह’ आहे, नायिका हॅकर आहे आणि दोघांचे प्रेम व परस्परांवरील संशय बरोबरीने वाढत जातात. माझी अडचण पहिल्याच पानावर सुरू होते. ‘गुप्तहेर’ लिहिले, तर वाचकाला तो शत्रुदेशात धाडलेला माणूस वाटतो. प्रत्यक्षात तो साध्या वेशात खुनाचा तपास करणारा पगारी पोलीस आहे आणि दर दुसऱ्या पानावर ओळखपत्र काढून दाखवतो. त्याला काय म्हणावे?

दुसरी अडचण अकराव्या प्रकरणात आहे. परवानगी घेऊन यंत्रणेतील दोष शोधणारे हॅकर पांढऱ्या टोपीचे आणि चोरी करणारे काळ्या टोपीचे, असा त्या क्षेत्रातील संकेत आहे. नायक तिला तिच्या टोपीचा रंग विचारतो. मी ‘तू कोणती टोपी घालतेस?’ असे लिहून खर्डा आईला वाचायला दिला. मेथी निवडता निवडता ती त्या ओळीशी थांबली आणि म्हणाली, “कोणाला घालते, ते लिहायचे राहिले आहे.”

निवृत्त मुद्रितशोधक
ताई, आपल्या मातोश्रींना नमस्कार सांगा. मुळात ‘गुप्तहेर’ या शब्दातील ‘गुप्त’ मला आयुष्यभर खटकत आले आहे, कारण जो गुप्त नाही तो हेर कसला? परंतु बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या आमच्या पिढीला पोलीस, खासगी आणि सरकारी असा भेद करण्याची गरजच भासली नाही. लहानपणी पंचवटीत साध्या कपड्यांतील अनोळखी माणूस दोन दिवस एकाच ओट्यावर दिसला, की आम्ही त्याला सरळ ‘सीआयडी’ म्हणत असू. तोच शब्द आपण का घेत नाही?

भगूरकर
सीआयडी हे इंग्रजी आद्याक्षरांचे गाठोडे आहे, शब्द नव्हे. सावरकरांचा जन्म 1883 साली आमच्या भगूरचा. त्यांनी दिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्द आज कोणालाही कृत्रिम वाटत नाहीत. त्याच न्यायाने नायकासाठी ‘गुन्हेशोधक’ आणि नायिकेसाठी ‘संगणकभेदी’ हे शब्द मी सुचवतो. प्रथम वापरणाऱ्याने थोडे हसे सोसले पाहिजे, इतकेच.

जिल्हा न्यायालयातील एक वकील
भगूरकर सर, ‘दूरध्वनी’ही आपण त्याच मालिकेत धरायला हवा, तो कार्यालयीन पत्राच्या शिरोभागी राहिला आणि माणसे फोनच करीत राहिली. ‘गुन्हेशोधक’ मात्र अगदीच उपरा नाही, कारण पोलीस ठाण्यांत ‘गुन्हे शोध पथक’ असतेच, जरी हवालदारापासून आरोपीपर्यंत सारे त्याला ‘डीबी’च म्हणतात. ‘हॅकिंग’ची गंमत अशी, की 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 66 च्या मथळ्यात तो शब्द होता, 2008 च्या दुरुस्तीने तो गेला आणि तेथे ‘संगणकाशी संबंधित अपराध’ अशा अर्थाचा मथळा आला. कायद्याने सोडलेल्या शब्दाला आपण पर्याय घडवीत बसलो आहोत.

सातपूरचा फिटर
मूळ अर्थ अपराधाचा नव्हताच. अमेरिकेतील एमआयटीमध्ये आगगाडीच्या प्रतिकृती चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ होते. यंत्रातील आडवळणाच्या, चतुर करामतीला त्यांच्यात ‘हॅक’ म्हणत आणि ती करणारा तो हॅकर. आमच्या कारखान्यात अशा माणसाला ‘खटपट्या’ म्हणतात. बंद पडलेले यंत्र कंपनीचा तंत्रज्ञ पोहोचण्याआधी चालू करणारा तो खटपट्या, आणि चालू यंत्र उघडून बसणारा तो उपद्व्यापी. आपल्या नायिकेत मला दोघेही दिसतात.

भगूरकर
‘खटपट्या’ या शब्दाला नायिकेचे सौंदर्य पेलवेल काय?

सातपूरचा फिटर
‘संगणकभेदी’ला पेलवेल काय? चुंबनाच्या आधी त्याने तिला त्या नावाने हाक मारून पाहावी.

नाशिकरोडवरून
‘संगणकी भामटी’ कसे वाटते? शब्द ओळखीचा आहे आणि त्यात थोडा लाडही आहे.

जिल्हा न्यायालयातील एक वकील
कृपया तो नको. भामटा हे एका समाजाचे नाव आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा कित्येक जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला आणि तो कायदा 1952 मध्ये जाईपर्यंत पुसला गेला नाही. त्यात आपल्याला लाड दिसतो, त्या घरांतील मुलांना दिसत नाही.

निवृत्त मुद्रितशोधक
मान्य. मी पुन्हा हेराकडे वळतो. शिवकाळात हेराला ‘नजरबाज’ असाही शब्द होता. पण प्रेमकथेतील नायकाला आज तो लावला, तर वाचक त्याला कॉलेज रोडवर उभा करतील. ‘जासूद’ म्हणावे, तर पेशवाईत जासूदांच्या जोड्या पत्रे घेऊन धावत असत, म्हणजे तो टपालवाला ठरतो. आपल्या हाताशी खरे धन आहे ते ‘हेरणे’ हे क्रियापद. सावज हेरतात, चोर घर हेरतो आणि लग्नघरात एखादी आत्या आपल्या भाच्यासाठी मुलगीही हेरून ठेवते. माझ्या आत्याने माझ्यासाठी असेच एक स्थळ जेलरोडला हेरले होते. त्याला आता 48 वर्षे झाली आणि त्या स्थळाने आत्ताच मला चहा दिला.

भगूरकर
‘हेर’ हा शुद्ध संस्कृत ‘हेरिक’पासून आला आहे, हेही नोंदवावे.

निवृत्त मुद्रितशोधक
उलटही असू शकेल. बोलीतला शब्द संस्कृत कोशात धोतर नेसून बसल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ब्रज भाषेतही ‘हेरना’ म्हणजे न्याहाळणे, शोधणे असेच आहे.

गोदाकाठची अनुवादिका
काका, ‘हेरणे’ मला फार उपयोगी पडले. पहिल्या भेटीच्या प्रसंगात मी ‘त्याने तिला गर्दीतच हेरले होते’ असे लिहिले आहे आणि ते संशयाने की ओढीने, हे वाचकाला कळू दिलेले नाही. टोपीही तशीच ठेवते, कारण तो तिच्यावर फसवणुकीचाच संशय घेत आहे. आता ती उत्तरते, “पांढरी. पण ती मी स्वतः घालते, दुसऱ्याला नाही.” मुळात हे उत्तर नाही, आईने मात्र मान डोलावली. ‘हॅकर’ला मी हात लावणार नाही. परंतु नायकाला काय म्हणावे, हा माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे आणि पहिली तीन प्रकरणे शुक्रवारी द्यायची आहेत.

भगूरकर
मुळात नसलेले वाक्य अनुवादकाने घालावे काय, यावर स्वतंत्र चर्चा व्हावी.

निवृत्त मुद्रितशोधक
अवश्य व्हावी. तोवर ताईंनी ‘डिटेक्टिव्ह’ ठेवल्यास शेवटी ‘व्ह’ लिहावा की नुसता ‘व’, एवढे तरी आज ठरवून टाकू. माझे मत ‘व’च्या बाजूने आहे.