शोनेन मांगात (पोरांसाठी निघणाऱ्या जपानी कॉमिक्समधे) पोरींच्या वाट्याला पानंच का येत नाहीत? (स्पॉयलर भरपूर आहेत, जपून)

खारेदाणे:
पुतणी सातवीत आहे, तिच्यामुळे नारुतो, ती निंजांची मालिका, परत वाचायला घेतलंय. चुनिन परीक्षेच्या, म्हणजे निंजांच्या बढतीच्या परीक्षेच्या, प्राथमिक फेरीपर्यंत आलो तर ती म्हणते काका, तेनतेनची फाइट कुठाय? म्हटलं झाली की. कुठे झाली, दाखव. आणि खरंच की, मांगात तेमारी विरुद्ध तेनतेन म्हणजे नुसता निकाल आहे, तेनतेन तेमारीच्या त्या मोठ्या पंख्यावर येऊन पडलेली दिसते आणि पुढच्या जोडीचं नाव लागतं. ॲनिमेत, म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनमधे, ती फाइट वाढवून दाखवलीय म्हणून आपल्या डोक्यात ती 'झालेली' असते.

तेव्हापासून हेच डोक्यात बसलंय. कारण पोरी कमजोर दाखवतात असं सरसकट म्हणता येत नाही. त्सुनादे गावाची प्रमुख आहे, एका बोटाने जमीन फोडते. नारुतोच्या टीममधल्या साकुराची सासोरी या व्हिलनबरोबरची फाइट तर माझ्या मते त्या अख्ख्या मालिकेतल्या चांगल्या फाइट्सपैकी आहे, आधी जखमी साथीदार कांकुरोच्या अंगातलं विष काढते, मग त्याच विषावर स्वतः उतारा बनवते, मग तोच उतारा घेऊन लढायला जाते आणि चियो आजीला वाचवायला तलवार स्वतःच्या अंगावर घेते. डोकं, हात, हिंमत, सगळं आहे त्यात. आणि त्यानंतर? मोठ्या युद्धात कपाळावर साठवलेल्या ताकदीची खूण उमटते, नारुतो, सासुके आणि मी आता बरोबरीचे म्हणून मोठी एन्ट्री होते, आणि थोड्या वेळाने मादारा हा व्हिलन तिला एका फटक्यात आडवं करतो.

तर प्रश्न असा की हे लेखकांना जमत नाही, मासिकाचा धंदाच तसा आहे, की वाचणाऱ्यांनाच नकोय? आणि जिथे हे बरं जमलंय असं काही सुचवा, पुतणीला देता येईल असं.

चाळीतला_गोकू:
दादा यात मुलगा मुलगी काही नाही, शोनेनमधे हिरो आणि त्याचा रायव्हल सोडून सगळ्यांचंच हे होतं. नारुतोतल्या रॉक लीचं काय झालं? ड्रॅगन बॉलमधले क्रिलिन, तेनशिनहान, यामचा? यामचाचं तर मीम झालंय त्या खड्ड्यात पडलेलं. दर पर्वात व्हिलन आधीच्यापेक्षा दसपट ताकदीचा आणायचा म्हटलं की मागे राहिलेल्यांना उभं राहून "एवढी शक्ती??" म्हणायचंच काम उरतं. नारुतोच्या लेखकाने, किशिमोतोने, लीच्या टीममधल्या नेजीला पण मारलाच की. उगाच प्रत्येक गोष्टीत ते शोधायचं म्हटलं तर सापडणारच.

मिरची_भजी:
गोकूभाऊ, रॉक लीचं उदाहरण तुम्ही स्वतःच दिलंत ते बरं झालं. लीची गाराबरोबरची फाइट काढून बघा. वजनं काढून टाकतो ते पान, अंगातल्या ताकदीचे एकामागून एक दरवाजे उघडतो ती पानं, मागे गाय सेन्सेईने सांगितलेली लहानपणची गोष्ट, हात पाय चिरडतात, बेशुद्ध झाल्यावरही तसाच उभा राहतो. मग ऑपरेशन करायचं की नाही याच्यावर परत वेगळी पानं. हरलाच ना तो? आणि नारुतो वाचलेल्या कुणालाही विचारा आवडता कोण, पहिल्या पाचात ली असतोच. म्हणजे मागे पडणं हा प्रॉब्लेमच नाहीये. त्याच फेरीत तेनतेन पण हरली, पण तिचं हरणं कुणी काढलंच नाही. ती शस्त्रं का जमवते, घरी कोण आहे, हरल्यावर तिला काय वाटलं, काहीही नाही. यामचाचं सुद्धा मीम होण्याइतकं पान त्याला मिळालं हो.

म्हणून मी पोरगी जिंकली का हे बघतच नाही. फाइटच्या मधे तिला विचार करायला जागा दिलीय का ते बघते. वन पीस या चाच्यांच्या मालिकेत अलाबास्ताच्या भागात जहाजाची दिशा सांभाळणारी नामी विरुद्ध मिस डबलफिंगर आठवा. सोबतच्या उसोपने बनवून दिलेली ती काठी पहिल्यांदाच हातात, नामी पळता पळता सोबतचा माहितीचा कागद वाचतेय आणि त्यात निघतात सगळे पार्टीतले खेळ, कबुतरं काय फुलं काय, भयंकर चिडते ती उसोपवर. मग हळूहळू तिच्या लक्षात येतं की थंड हवा, गरम हवा आणि वीज असं तिन्ही आहे आपल्या हातात, आणि हवामान हा तर आपला विषय. पायाला भोक पडलेलं असताना जिंकते. लेखक ओदाने तिला ताकद दिली नाही, तिला येत होतं तेच वापरू दिलं.

आता हाच ओदा सगळ्या बायका एकाच साच्यातून काढतो, वाळूच्या घड्याळासारख्या, आणि पुढे पुढे ते वाढतच गेलंय, त्याचं समर्थन मी करणार नाही. नामीच्याच जहाजावरचा सांजी बायकांवर लाथ उचलत नाही हे तर दोन्हीकडून खटकतं, समोरची मारायला आलीय आणि हा तत्त्व घेऊन बसलाय. पण त्यातून निदान एक बरं झालं, एनीएस लॉबीच्या भागात कॅलिफा या शत्रू बाईसमोर सांजी हरतो आणि तिला नामी हरवते. वानोच्या भागात तर ब्लॅक मारियाच्या तावडीत सापडल्यावर तो सरळ जहाजावरच्याच रॉबिनला हाक मारतो मदतीला, आणि रॉबिन येते. सांजी मदत मागतोय आणि ती मागताना त्याला लाज वाटत नाही, ते मला फार आवडलं.

पेठेतला_निंजा:
+१ भजीताई. मला इथे शिनोबू घ्यायचीय (डिमन स्लेयर, ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी खाली जा).

हाशिरांमधे, म्हणजे राक्षस मारणाऱ्या सगळ्यात वरच्या योद्ध्यांमधे, तीच एक अशी आहे जिला राक्षसाची मान कापता येत नाही, अंगात तेवढी ताकदच नाही. आता हे वाचल्या वाचल्या राग येतो, की बाकीचे सगळे कापणार आणि हिला तेवढं जमत नाही. पण लेखकाने ती अडचण शेवटपर्यंत सोडली नाही हे महत्त्वाचं. तलवारीचं पातं मधे जवळजवळ नाहीच, टोकाला तेवढी धार, म्हणजे चिरायचं नाही, भोसकायचं आणि विस्टेरियाच्या फुलांचं विष आत सोडायचं. आणि दोमा या राक्षसासमोर आपण हरणार हे तिला आधीच माहीत असतं, म्हणून वर्षभर तेच विष स्वतः खात राहिलेली असते. तो तिला गिळतो आणि तिथेच त्याचा हिशोब संपतो. 37 किलोची पोरगी, पण अख्खी विषाची.

तरी माझी तक्रार आहेच. बाकीच्यांना ताकद वाढवून मिळते आणि हिला मरून जिंकावं लागतं. आणि दुसरी हाशिरा मित्सुरी, तिच्या युनिफॉर्मचं काय? तो शिंपी मुद्दाम तसला उघडा शिवून देतो हा तिथे विनोद आहे म्हणे. शिनोबूने स्वतःला मिळालेला तसला युनिफॉर्म जाळून टाकला हे लेखकाने सांगितलंय, म्हणजे लेखकालाही कळतंय की हे बरं नाही, तरी मित्सुरी शेवटपर्यंत त्याच कपड्यात लढते. हिरोच्या बहिणीबद्दल, नेझुकोबद्दल, तर बोलतच नाही, तोंडात बांबू.

उंबरठा_ओलांडून:
धंद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. शोनेन हा काही गोष्टीचा प्रकार नाही, ते मासिक कुणासाठी काढलंय त्याचा शिक्का आहे. शोनेन जंप, ज्यात नारुतो, वन पीस हे सगळं छापून आलं, 1968 पासून चालू आहे, दर आठवड्याला अंक, एका मालिकेला साधारण वीसेक पानं. अंकात वाचकांसाठी पत्र असतं, आवडलेल्या तीन मालिका कळवायच्या, आणि सारखे खाली राहिलात की थोड्याच आठवड्यांत गाशा गुंडाळा. आता वीस पानांत या आठवड्याला काय दाखवायचं, हिरोला की हिरोच्या टीममधल्या तिसरीला? संपादक काय म्हणणार ते सांगायला नको. त्यात वर्षानुवर्षं पक्की समजूत की पत्र पाठवणारे सगळे पोरगेच. जंप वाचणाऱ्या बायका काही कमी नाहीत हो, जंपमधल्या हायक्यू या व्हॉलीबॉलच्या मालिकेच्या मागे कोण होतं बघा.

पण याला निमित्त म्हणून वापरू नका. रुमिको ताकाहाशी 1987 पासून रानमा आणि नंतर इनुयाशा शोनेन संडेत चालवत होत्या, ते पण साप्ताहिकच, आणि पोरांचंच. तिथे इनुयाशातल्या कागोमेला धनुष्य हातात घ्यायला कुणी अडवलं नाही.

आणि पुतणीसाठी, डोळे झाकून फुलमेटल अल्केमिस्ट. हिरोमू अराकावा, होक्काइदोच्या दूधवाल्या शेतकरी घरातली बाई. 2001 ते 2010, मासिकात महिन्याला एक प्रकरण, 27 खंड, आणि संपलं तिथे संपलं. यातल्या बायकांना कामं आहेत. विनरी कृत्रिम हातपाय बनवते, हिरोचा हात मोडला की गोष्ट तिच्या दारात येऊन थांबते. इझुमी खाटकाच्या दुकानात नवऱ्याबरोबर काम करते, माणसं उचलून आपटते आणि वर ओरडून सांगते की मी साधी गृहिणी. लानफान स्वतःचा हात स्वतः तोडते. ऑलिव्हिएर तर बर्फातला किल्ला सांभाळणारी जनरल.

पण रिझा हॉकाय वेगळीच. आपला साहेब रॉय, त्याच्या मागे सावलीसारखी उभी, म्हणजे वरवर बघितलं तर हिरोची असिस्टंटच. तो सूडाने वेडा होऊन एन्व्ही या शत्रूला जाळत सुटतो तेव्हा हीच त्याच्या डोक्याला मागून पिस्तूल लावते, कारण वाट चुकलास तर गोळी घालेन हे दोघांत आधीच ठरलेलं. आणि पुढे शत्रू तिचा गळा चिरून रॉयला धमकावतात, हिला वाचवायचं तर आम्ही सांगतो ते कर. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत इथे तिने मरायचं आणि हिरोने किंचाळायचं. इथे ती रक्ताच्या थारोळ्यात पडून नुसत्या डोळ्यांनी त्याला वर बघायला खुणावते, मदत आलीय, करू नकोस म्हणून. आणि जी तिचा गळा सांधते ती मे चांग, म्हणजे परत एक पोरगीच.

चाळीतला_गोकू:
बरं, लीचा मुद्दा मान्य, तेवढाच. पण जंपमधलंच जुजुत्सु कायसेन, शापांशी लढणाऱ्यांचं, विसरलात का सगळे? नोबारा आहे की. हातोडा, खिळे आणि गवताची बाहुली. दुसरी लढवय्यी मोमो तिला ऐकवते की बाईला नुसतं ताकदवान असून भागत नाही, सगळ्याच बाबतीत परफेक्ट असावं लागतं, आणि ही म्हणते मला नटलेली मी पण आवडते आणि ताकदवान मी पण, तू कोण सांगणारी. जंपमधे हे छापून आलंय. माकीने तर अख्खं झेनिन घराणं एकटीने संपवलं.

मिरची_भजी:
आणि नोबारा नंतर कुठे गेली हो? शिबुयाच्या लढाईत माहितो या शत्रूने तोंडावर हात लावला, वाचण्याची थोडी आशा आहे एवढं एक वाक्य, आणि मग जवळजवळ चार वर्षं पत्ता नाही. मेली म्हणून सांगत नाहीत, जिवंत म्हणून दाखवत नाहीत. 2024 मधे मालिका संपायला चार-पाच प्रकरणं राहिली तेव्हा आली, मुख्य व्हिलन सुकुनाच्या बोटात खिळा मारला, झालं. चांगलाच मारला, पण चार वर्षं! माकीचं मात्र मान्य, तिथे तिच्या बहिणीचा, माईचा जीव जातो पण बहिणीसाठी जातो, आणि ती जाते ती स्वतः ठरवून.

वरणभात_फॅन:
मला नेहमी ड्रॅगन बॉलमधल्या गोकूच्या बायकोची, चीचीची बाजू घ्यावीशी वाटते. 23 व्या तेनकाइची कुस्ती स्पर्धेत रिंगमधे उतरलेली बाई, लग्न झाल्यावर हिला काम एकच, मुलाचा, गोहानचा अभ्यास घेणे. आणि सगळे तिलाच हसतात. अहो पोरगा चार-पाच वर्षांचा, बाप मेलेला, आणि हिरवा माणूस त्याला रानात उचलून घेऊन गेलाय, कुठली आई गप्प बसेल? वर गोहान शेवटी झाला तो अभ्यासकच. बाई बरोबर होती.

खारेदाणे:
वरणभात 😂 वहिनीला वाचून दाखवतो हे. फुलमेटल मागवतोय, पण त्यातला लहान निना आणि तिच्या कुत्र्याचा भयंकर भाग सातवीतल्या पोरीला झेपेल का ते आधी बघतो. भजीताई, प्रॉमिस्ड नेव्हरलँड कसं? जंपमधलंच आहे आणि मुख्य पात्र एमा, अकरा वर्षांची, म्हणून विचारतोय.

मिरची_भजी:
एमा उत्तम. पळते, ओरडते, चुकते, प्लॅन करते आणि कुणीही तिला मुलगी म्हणून मागे ठेवत नाही. पण पहिल्याच प्रकरणात लहान मुलीचं प्रेत आहे, निनाची भीती वाटत असेल तर हे आधी स्वतः वाचा. मधल्या गोल्डी पॉन्डच्या भागापर्यंत मस्त, नंतर घाई झालीय. ॲनिमेचा दुसरा सीझन मात्र लावूच नका, गोल्डी पॉन्ड अख्खं गाळलंय त्यात.