मदत हवी आहे: दादा व्यसनमुक्तीसाठी तयार झालाय, पण बाकीच्या पसाऱ्याचं काय?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. दादा १५ वर्षं पितोय, आता स्वतःहून म्हणाला ॲडमिट होतो, सोमवारी जायचंय. घरात सगळे खूश, मीच धास्तावलेय, कारण काल त्याची बॅग भरताना खणात न फोडलेली पाकिटं सापडली, ९ मोजली, बहुतेक बँकेची, एक कोर्टाचं (पिऊन गाडी चालवल्याची केस आहे). नोकरी लटकलेली, वहिनी मुलांना घेऊन वेगळी राहते, फोन वाजला की हा तो पालथा घालून ठेवतो. आई म्हणते आधी दारू सुटू दे, बाकीचं नंतर. पण बाहेर आल्या आल्या हा ढीग समोर दिसला तर परत प्यायला कितीसा वेळ लागणार? सेंटरमध्ये हे सगळं सांगायचं असतं का?

प्रतिसाद १: सांगायचंच ताई, पहिल्याच दिवशी. मी समुपदेशक आहे. ॲडिक्शन सिव्हिरिटी इंडेक्स म्हणून मुलाखतीची पद्धत आहे, १९८० सालची, त्यात ७ बाबी विचारतात आणि दारू-ड्रग्ज या त्यातल्या दोनच, बाकी तब्येत, नोकरी, कोर्टकचेरी, घरची नाती, मानसिक त्रास. आता फॉर्म भरून फाईलीत जातो असंही होतं (आमच्याकडेही झालंय), म्हणून कशाचं कोण बघणार ते तिथेच विचारा. आणि सोमवारपर्यंत डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद करू देऊ नका, रोज पिणाऱ्याला पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते.

प्रतिसाद २: मी स्वतः यातून गेलोय. पहिल्या खेपेला हप्त्याच्या टेन्शनने तिसऱ्या दिवशी पळून आलो होतो. दुसऱ्या खेपेला काउन्सेलर शेजारी बसले आणि स्पीकरवर बँकेला फोन लावायला लावला, घाम फुटला पण मुदत मिळाली. पाकिटं तुम्ही फोडू नका, त्यालाच फोडू दे. वहिनीचा विषय मात्र आत्ता नको, तिला वचनं ऐकून कंटाळा आला असणार.

धागाकर्ती: खूप आभार. रात्री त्याने कोर्टाचं पाकीट फोडलं, दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. तारीख गुरुवारची आहे, तेव्हा तो आत असणार. आता?

प्रतिसाद १: आजच वकिलांना गाठा, पुढची तारीख मागता येते. सोमवारी भरतीचं सर्टिफिकेट घेतल्याशिवाय मात्र सेंटरमधून निघू नका.